दहावीचं इंग्रजी: ऐकण्याचा आणि वाचनाचा सराव

मुलीच्या दहावीच्या इंग्रजीसाठी ऐकण्याचा आणि वाचनाचा सराव कसा घ्यायचा, हा तुमचा प्रश्न. त्यावर कुणीतरी दिलेला "मुलीला रोज इंग्रजी सिनेमे दाखवा" हा सल्ला मला पटत नाही. मराठी माध्यमातल्या मुलांची नजर सबटायटल्सवरच खिळते आणि ऐकणं राहूनच जातं. त्यापेक्षा आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या लावा. उच्चार आपल्याकडचे, स्पष्ट, आणि विषय मराठी बातम्यांमुळे आधीच ओळखीचे. एकच बातमी घ्यायची. आधी नुसती ऐकायची, मग कोण, कुठे, किती एवढंच टिपायचं. शेवटी एकेक वाक्य थांबवून जसंच्या तसं लिहायचं. 'हॅज बीन'मधला 'हॅज' कानाला जेमतेम लागतो, तो लिहिताना हमखास राहून जातो! ती चूक लक्षात आली की व्याकरण तिथेच पक्कं होतं.

लेखी परीक्षा 80 गुणांची, त्यामुळे वाचन सोडून चालणार नाही. कृतिपत्रिकेत (म्हणजे प्रश्नपत्रिकेत) पाठाबाहेरच्या उताऱ्यावर कृती, म्हणजे प्रश्न, असतातच, शिवाय सारांशही त्याच उताऱ्याचा लिहायचा असतो. म्हणजे एक उतारा नीट कळला तर दोन्हीकडे फायदा. शब्द अडला की लगेच मोबाइलवर अर्थ बघू देऊ नका, पुढची दोन वाक्यं वाचायला लावा.

सरावाला उतारे कुठून आणायचे, असंही तुम्ही विचारलंय. बालभारतीच्या संकेतस्थळावरून इंग्रजी माध्यमाचं सातवीचं भूगोल किंवा विज्ञान उतरवून घ्या, मोफत आहे. धडा मराठीतून झालेला असल्यामुळे मुलं घाबरत नाहीत. रोज अर्धं पान पुरे, पण मोठ्याने वाचून घ्या.