वैज्ञानिक आकडेमोडीसाठी पायथन: पुढे काय शिकावे?

कृष्णाकाठ, सांगली
नमस्कार. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पायथनमधील लूप आणि फंक्शनपर्यंतचा अभ्यास झाला आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी पावसाळ्यात कोणत्या तासाला किती वेगाने चढले, हे माझ्याकडच्या तासातासाच्या नोंदींवरून आलेखात दाखवायचे आहे. मात्र फुटांचे मीटर करण्यासाठी संपूर्ण लिस्टला ०.३०४८ ने गुणू पाहिले की टाइपएरर येतो. आधी क्लास, इनहेरिटन्स वगैरे पूर्ण करावे, की थेट नमपायकडे (आकडेमोडीसाठीच्या पायथनच्या लायब्ररीकडे) वळावे?

कराडकर
थेट नमपायकडे वळा. क्लासवाचून तुमचे काम मुळीच अडणार नाही. लिस्टमध्ये आकडे, नावे, काहीही ठेवता येत असल्यामुळे तिचा गुणाकार म्हणजे ती तितक्या वेळा पुन्हा मांडणे, असाच अर्थ पायथन घेते. म्हणून [४०, ४५] ला २ ने गुणल्यास [४०, ४५, ४०, ४५] मिळते आणि ०.३०४८ ने गुणल्यास त्रुटी येते. तीच लिस्ट नमपायच्या अ‍ॅरेत, म्हणजे आकड्यांच्या रांगेत, घातली, की प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे गुणला जातो: इशारा पातळीचे ४० फूट म्हणजे १२.१९२ मीटर आणि धोका पातळीचे ४५ फूट म्हणजे १३.७१६ मीटर, असे उत्तर एका ओळीत हाती येते. अ‍ॅरेतील आकडे एकाच प्रकारचे असून मेमरीत सहसा सलग ठेवलेले असतात आणि प्रत्यक्ष आकडेमोड आतल्या आत सी भाषेतील कोड करतो, त्यामुळे नोंदी लाखोंच्या घरात गेल्या तरी वेळ फारसा लागत नाही.

चढण्याच्या वेगासाठी 'डिफ' हे लगतच्या दोन नोंदींमधील फरक काढणारे नमपायचे फंक्शन वापरा. शंभर नोंदींमधून नव्व्याण्णवच फरक निघतात, तेव्हा आलेख काढताना वेळेच्या अ‍ॅरेतील पहिला घटक वगळा.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, सातारा
कराडकरांच्या सल्ल्याला एक महत्त्वाची जोड देतो. रात्रीची एखादी नोंद राहिली असेल, तर तिथे शून्य भरू नका, कारण मग नदी तासाभरात आटली आणि पुन्हा भरली असे आलेख सांगेल. ती ओळ गाळणेही तितकेच घातक आहे, कारण दोन तासांची वाढ एका तासाच्या नावावर पडते. तिथे 'नॅन' ('नॉट अ नंबर', म्हणजे आकडा नाही अशी खूण) ठेवावे. आलेख काढणारी मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी त्या जागी रेषा तोडते आणि नोंद नाही हे बघणाऱ्याला कळते. 'मीन' मात्र अशा अ‍ॅरेची सरासरीही नॅनच देते, म्हणून नॅन वगळून सरासरी काढणारे 'नॅनमीन' वापरावे.

ग्रंथालयातून पुस्तक आणणार असाल, तर ते पायथन ३ चे आहे याची खात्री करून घ्या. पायथन २ चा अधिकृत पाठिंबा १ जानेवारी २०२० रोजी संपला आणि त्यात ७ ला २ ने भागल्यास उत्तर ३ येत असे.

कृष्णाकाठ, सांगली
दोघांचेही मनापासून आभार. आलेख निघाला. मात्र पुराच्या आठवड्याचा तुकडा वेगळ्या नावाने काढून त्यात दुरुस्ती केली, तर मूळ अ‍ॅरेतील आकडेही बदलले. असे का होते?

कराडकर
अ‍ॅरेचा असा तुकडा म्हणजे नवी प्रत नसून मूळ आकड्यांकडेच बघण्याची दुसरी खिडकी असते. मोठा विदा पुन्हा पुन्हा उतरवावा लागू नये, म्हणून नमपायने ही सोय ठेवली आहे. मूळ नोंदींना धक्का लागू द्यायचा नसेल, तर तुकडा काढतानाच त्याला 'कॉपी' लावा.