मदत हवी आहे: ताणाच्या चाचणीनंतर आयएल-६ (दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) वाढतच नाही

एम.एस्सी.चा प्रकल्प, कोल्हापुरातच. निरोगी विद्यार्थ्यांवर ट्रिअर चाचणी (मुद्दाम मानसिक ताण द्यायची ठरलेली पद्धत) मराठीतून घेतोय: ५ मिनिटं तयारी, ५ मिनिटं अनोळखी परीक्षकांसमोर भाषण, ५ मिनिटं १०२२ मधून १३-१३ वजा करत जाणं. रक्त चाचणीआधी, संपल्याबरोबर आणि १५ मिनिटांनी. नाडी आणि कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) छान वाढतात, पण आयएल-६ आणि सीआरपी (दाहाचंच दुसरं प्रथिन) जागचे हलत नाहीत. चाचणी कमी पडते का?

प्रतिसाद १
कॉर्टिसॉल वाढतंय म्हणजे ताण बसतोय. चुकतेय ती रक्त घेण्याची वेळ. अ‍ॅड्रेनलिनच्या इशाऱ्यावर पेशींनी जनुक चालू करायचं, प्रथिन बनवायचं, मग ते रक्तात यायचं. याला वेळ लागतो. ४५, ९० आणि १२० मिनिटांना रक्त घ्या. खरी वाढ बहुधा शेवटच्या दोनांत दिसेल.

सीआरपी यकृत बनवतं, तेही आयएल-६ चा निरोप मिळाल्यावर. दोन तासांत त्याची वाट बघू नका. सुरुवातीला एकदाच मोजा. १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असेल तर अंगात संसर्ग धरा आणि त्या विद्यार्थ्याला वगळा.

प्रश्नकर्ता
मग दोन तास कॅन्युला (शिरेत ठेवायची बारीक नळी) ठेवली तर चालेल ना?

प्रतिसाद २
इथंच घोळ होतो, भावा. कॅन्युलाच्या जागी शिरेला इजा होते आणि त्याच हातात आयएल-६ आपोआप वाढतं. ती वाढ ताणाची समजून बसाल. शेवटचा नमुना दुसऱ्या हातातून नवी सुई टोचून घ्या. शिवाय त्याच विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, ताण न देता बसवा आणि तितक्याच वेळा रक्त घ्या. हा दिवस टाळला तर बाकी आकड्यांना अर्थ उरत नाही.

ताणात रक्तातलं पाणी थोडं बाहेर जातं, त्यामुळे सगळंच वाढल्यासारखं दिसतं. प्रत्येक नमुन्याचं हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) काढून प्लाझ्माच्या (पेशी सोडून उरलेल्या द्रवाच्या) आकारमानाची दुरुस्ती करा.

रक्त गोठू न देणारी ईडीटीए नळी, लगेच बर्फात, अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूज (वेगानं फिरवून प्लाझ्मा वेगळा), छोट्या भागांत वाटून उणे ८० अंश सेल्सिअसला. वितळवून पुन्हा गोठवू नका. निरोगी माणसात आयएल-६ प्रति मिलिलिटर एक-दोन पिकोग्रॅमच असतं, साध्या एलायझा किटला (प्रथिन मोजायच्या संचाला) ते नीट दिसत नाही. उच्च संवेदनशील किटच मागवा. एका विद्यार्थ्याचे दोन्ही दिवसांचे नमुने एकाच प्लेटवर लावा.

आणि दुपारी तांबडा-पांढरा रस्सा ओरपून आलेल्याचं रक्त त्या दिवशी घेऊ नका. प्लाझ्मा दुधाळ होतो.