आधी पाणी, मग डोस
‘मे महिन्यात बाबांचा गोंधळ चार दिवसांत एकदम वाढला, म्हणून डोनेपेझिल (अल्झायमरवरची गोळी) ५ मिग्रॅचं १० करून घ्या’ हा इथे कुणी दिलेला सल्ला मला पटत नाही. अल्झायमर असा दिवसांत वाढत नाही, त्याला महिने लागतात. माणूस दोन-चार दिवसांत असंबद्ध बोलू लागला, दिवसा गुंगीत अन् रात्री टक्क जागा राहू लागला, तर तो बहुधा डेलिरियम, म्हणजे दुसऱ्या एखाद्या कारणाने अचानक उद्भवलेला गोंधळ असतो. कारण सापडलं तर तो बराचसा उतरतोही. नागपुरात पारा ४५ च्या घरात असताना पहिला संशय पाणी कमी पडल्याचा घ्या. या वयात तहान कमी लागते, लागली तरी या रुग्णांना सांगता येत नाही. ‘पाणी हवं का?’ विचारलं की ‘नको’च येतं. त्यापेक्षा जागेपणी दर तासाला अर्धा पेला सरळ हातात द्या. ताक, पन्हं, काहीही. (हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.) अंग तापून शुद्ध हरपत असेल तर मात्र घरी थांबू नका, थेट दवाखाना. एरवीही लघवीची तपासणी, रक्तातलं सोडियम आणि पोट साफ होतंय का, हे त्याच दिवशी बघून घ्या.

नवी गोळी सुरू झाली का, हेही तपासा. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन किंवा लघवी आवरण्यासाठी दिलेलं ऑक्सिब्युटिनिन डोनेपेझिलच्या नेमकं उलट काम करतं: डोनेपेझिल अ‍ॅसिटिलकोलिन (मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन) वाढवतं, ही औषधं त्या रसायनाचं काम अडवतात. अशा वेळी डोस वाढवून काय साधणार? शिवाय डोनेपेझिलने नाडी मंदावू शकते, चक्कर येऊन पडायची भीती असते.