बाबा रात्रभर झोपत नाहीत, बाहेर पळू पाहतात. तातडीने मदत हवी आहे (नागपूर)

इतवारीवाला
नमस्कार. घाईत लिहून राहिलो आहे. आत्ताही बाबा दारापाशी उभे आहेत नि बायको त्यांना धरून आहे. वय ७६. रात्री एक वाजला की उठतात आणि दुकानाच्या किल्ल्या शोधतात. दुकान विकून बारा वर्षं झाली. समजावलं की चिडतात, परवा माझ्या हातावर ओरखडे काढले. दिवसा खुर्चीत बसल्या बसल्या पेंगतात, रात्री पुन्हा तेच. आठ रात्री झाल्या, घरात कोणी नीट झोपलेलं नाही.

मला दोनच गोष्टी सांगा. झोपेची कोणती गोळी द्यावी, आणि त्रिमूर्ती नगरच्या बाजूला रात्रीचा भरवशाचा अटेंडंट देणारा ब्युरो कोणता. बाकी काही नको.

कडुनिंब
भाऊ, हा डिमेन्शिया आहे, विसरण्याचा आजार. माझ्या आईला सहा वर्षं सांभाळलं, म्हणून सांगते. दिवे लागले की ती "मला माझ्या घरी सोडा" म्हणायची, आणि बसलेली असायची महालातल्या स्वतःच्याच घरात. संध्याकाळी असं वाढतं, त्याला सनडाउनिंग म्हणतात. वाद घालू नका. "दुकान विकलं" हे बाबांना रोज रात्री नव्याने कळत असेल, धक्काही रोज नवाच बसत असेल. आम्ही म्हणायचो, चहा घेऊ आणि मग निघू. चहा होईपर्यंत ती विसरलेली असायची. दाराची कडी अगदी वर लावा, डोळ्यांच्या रेषेत नको. खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. पाचलाच सगळे दिवे लावा, अंधार पडायची वाट पाहू नका.

भारतात साठीच्या पुढच्या माणसांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना हा आजार असावा, असा अंदाज २०२३मध्ये छापून आला. म्हणजे ८८ लाख माणसं. तुम्ही एकटे नाही.

औषधवाला
दुकानदार म्हणून सांगतो, झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय कोणी देऊ नये आणि तुम्ही मागूही नये. अल्प्राझोलाम, झोलपिडेम ही शेड्यूल एच-१ मधली औषधं आहेत, विकली की वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते. आणि म्हातारपणी त्यांनी झोप लागण्याआधी तोल जातो. रात्री बाथरूमला जाताना पडले आणि खुबा मोडला, तर पुढचे सहा महिने काय होईल ते विचारात घ्या. सर्दी-खोकल्याची झोप आणणारी औषधंसुद्धा देऊ नका, त्यांनी म्हातारी माणसं आणखी बरळतात.

ठेचाभाकर
नवतपा सुरू आहे बाप्पा, पारा ४५च्या खाली येत नाही. ऊन लागलं असेल बाबांना. कैरीचं पन्हं द्या, कांदा किसून तळपायाला चोळा, भरपूर पाणी पाजा. आमच्या आजोबांना असंच झालं होतं, दोन दिवसांत उतरलं.

इतवारीवाला
ते उन्हात गेलेच नाहीत, दिवसभर कूलरसमोर असतात. पाणी तर इतकं पितात की तांब्यामागून तांब्या भरून द्यावा लागतो. ताप नाही. शुगर नाही. बीपी आहे फक्त, त्याची गोळी चालू आहे. मी ब्युरो विचारला होता.

दप्तर
माफ करा, पण एक महत्त्वाचं कोणी बोललं नाही. घर बाबांच्या नावावर असेल तर कागदपत्रं आत्ताच बघून घ्या. पुष्कळ लोक मुखत्यारपत्र करून निश्चिंत होतात. आपल्याकडे मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मन ठिकाणावर असेपर्यंतच ते चालतं, बुद्धी गेली की ते आपोआप संपतं. माझ्या मामांच्या वेळी बँकेने खातं अडवलं होतं.

कडुनिंब
दप्तर, त्यांच्या घरात आठ रात्री कोणी झोपलं नाही आणि तुम्ही घराच्या कागदांवर?

दप्तर
ताई, मी वाईट हेतूने लिहिलं नाही. आम्ही तेव्हा हे विचारलं नाही, म्हणून पुढे दोन वर्षं खेटे घातले.

खामल्याची_ताई
इतवारीत कुठे होतं दुकान? आमचं शहीद चौकाजवळ होतं, कापडाचं. बाबांना कदाचित ओळखत असू.

निवृत्त_सिस्टर
थांबा जरा सगळे. मेडिकलला, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, वॉर्डात माझी ३१ वर्षं गेली. इतवारीवाला, तुम्ही लिहिलं आठ रात्री. मग त्याआधीची रात्र कशी होती? त्याच्या आधी बाबा झोपत होते का? महिन्याभरापूर्वी पेपर वाचत होते का, पैशांचा हिशेब करत होते का? आणि बीपीची गोळी कोणती, नाव पूर्ण लिहा. शेवटची कधी बदलली तेही. ब्युरोचं नंतर बघू.

कडुनिंब
सिस्टर, माझ्या आईलाही सुरुवातीला असंच होतं. आम्ही उगाच तपासण्यांमागे फिरलो.

निवृत्त_सिस्टर
ताई, तुमच्या आईचं किती दिवसांत वाढलं? वर्षांत ना? डिमेन्शिया पायऱ्या उतरल्यासारखा येतो, महिने-वर्षं लागतात. आठवड्यात माणूस बदलला तर आधी दुसरंच काही शोधायचं असतं. आजारपणात असा अचानक भ्रम होतो, वॉर्डात आम्ही याला डिलिरियम म्हणायचो. १९९०मध्ये अमेरिकेत शॅरन इनोये यांनी ओळखायची सोपी रीत बसवली: अचानक सुरू झालं आणि दिवसात कमी-जास्त होतं, माणसाचं लक्ष टिकत नाही, आणि सोबत बोलण्यात गोंधळ किंवा गुंगी. इतवारीवाला, बाबांना वार उलटे म्हणायला सांगा. रविवार, शनिवार, शुक्रवार असे. मध्येच धागा सुटतो का बघा.

इतवारीवाला
बघितलं. रविवार, शनिवार म्हणाले, मग खिडकीकडे पाहू लागले नि म्हणाले, माल आला का.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे पाहुणे होते. बाबांनीच आंबे आणले, भाव करून आणले, कोणाला किती द्यायचं ते ठरवलं. पत्त्यांत मला हरवलं. म्हणजे तेव्हा पूर्ण ठीक होते. हे मी आधी लिहिलं नाही, माझ्या डोक्यातच आलं नाही. सगळे म्हणून राहिले होते की वयाचं आहे, मीही तेच धरून चाललो.

गोळी तीन आठवड्यांपूर्वी बदलली. आधी टेल्मिसार्टन ४० होती, आता त्याच नावापुढे एच आहे. बीपी १६०च्या वर गेलं होतं म्हणून. तेव्हापासून जेवणातलं मीठ पूर्ण बंद केलं आहे, भाजी वेगळी करतो. जेवण कमी झालं आहे. दोनदा उलटी झाली. चालताना भिंत धरतात.

औषधवाला
एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, बहुतेक १२.५ मिलीग्रॅम. लघवी वाढवणारी गोळी आहे ती.

निवृत्त_सिस्टर
भाऊ, आता मी सांगते तसं करा. ब्युरो शोधू नका, झोपेच्या गोळीचं नाव काढू नका. आज, उद्या नाही, बाबांना दवाखान्यात न्या आणि रक्तातलं सोडियम बघायला सांगा. सोबत पोटॅशियम, क्रिएटिनिन, शुगर आणि लघवीची तपासणी. गोळीची पट्टी सोबत न्या, डॉक्टरांच्या हातात द्या. गोळ्यांचं काय करायचं ते तेच सांगतील.

ही गोळी घेतलेल्या काही म्हाताऱ्या माणसांत सोडियम घसरतो, बहुतेक वेळा पहिल्या काही आठवड्यांतच. सोडियम मिठातलाच. लघवीतून मीठ जातं, इकडे जेवणात मीठ नाही, आणि वरून उन्हाळा म्हणून तांब्यामागून तांब्या पाणी. रक्त पातळ होतं, पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं. मग गोंधळ, उलटी, तोल जाणं. झटका आला किंवा हाक मारून उठत नाहीत असं झालं तर वाट न बघता सरळ कॅज्युअल्टी.

ठेचाभाकर
मग मीठ-साखरेचं पाणी पाजा नं लगेच. ओआरएस घरोघरी असते.

निवृत्त_सिस्टर
नका पाजू. रक्तात सोडियम लिटरमागे १३५ ते १४५ असतो आणि ओआरएसमध्ये ७५. म्हणजे रक्तापेक्षा ते पातळच आहे. जुलाब-उलट्यांनी माणूस सुकला असेल तेव्हा त्याचं काम. इथे आकडा माहीत नसताना काहीच पाजून बघायचं नाही. नुसतं मीठ चाटवायचंही नाही.

खामल्याची_ताई
पण बीपीला मीठ तर बंदच करायला सांगतात ना? आमच्याकडेही तेच चालू आहे.

निवृत्त_सिस्टर
कमी करायला सांगतात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी म्हणते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाभर. भाजीत बेताचं, लोणचं-पापड नको. शून्य करा असं त्यात नाही.

इतवारीवाला
धंतोलीत आलो आहे. रिपोर्ट आला, सोडियम ११६. भरती केलं. ती गोळी बंद केली, पाणी मोजून देऊन राहिले, एक ड्रिप लावली आहे. पण डॉक्टर म्हणतात हळूहळू वाढवू, दोन-तीन दिवस लागतील. मी म्हटलं एका रात्रीत नॉर्मल करा, पैसे भरतो. नाही म्हणाले. मला समजून नाही राहिलं, एवढं कमी असताना हे हळू काऊन?

निवृत्त_सिस्टर
डॉक्टर बरोबर आहेत, त्यांना घाई करायला लावू नका. आठवडाभरात मेंदूने स्वतःला कमी सोडियमशी जुळवून घेतलेलं असतं. एकदम वर नेलं तर मेंदूतल्या नसांवरचं आवरण जातं, आणि ते पुष्कळदा परत येत नाही. म्हणून २४ तासांत आकडा आठ-दहापेक्षा जास्त वाढू देत नाहीत आणि दर काही तासांनी रक्त काढतात. सुया टोचून राहिले म्हणून भांडू नका.

तुमचं काम खाटेजवळ आहे. बाबांचा चष्मा, कानाचं मशीन असेल तर ते, कवळी, सगळं घरून आणा. दिसलं-ऐकू आलं तर अर्धी भीती जाते. समोर घड्याळ ठेवा. दिवसा पडदा उघडा, रात्री दिवा मंद. रोज तीच दोन माणसं थांबा, दहा नातेवाईक नकोत. आज कोणता वार, कुठे आहोत, हे मध्ये मध्ये सहज बोलत राहा, परीक्षा घेतल्यासारखं नाही. डॉक्टर हो म्हणाले की धरून चालवा. हात बांधायचे का असं कोणी विचारलं तर आधी स्वतः जवळ बसायची तयारी दाखवा.

हे माझं घरगुती शहाणपण नाही. इनोये यांनीच पुढे ८५२ म्हाताऱ्या रुग्णांवर अभ्यास केला, १९९९मध्ये छापला. अशा साध्या काळजीने डिलिरियम १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आला. एकदा सुरू झालेला डिलिरियम यानेच लगेच थांबेल असं नाही, पण वाढू नये म्हणून हे करायचं.

कडुनिंब
सिस्टर, मी घाईने डिमेन्शिया म्हटलं. माझ्या डोळ्यांसमोर आईच होती. भाऊ, एक विचारू? तुमच्या बायकोला कोण बघतंय? आठ रात्री दाराशी तीच उभी आहे, तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये आहे. मी सहा वर्षांनी अंथरुणाला खिळले तेव्हा घरच्यांच्या लक्षात आलं. तिला आज रात्री झोपू द्या. बोलायचं असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास असतो. म्हाताऱ्या माणसांच्या अडचणींसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे.

इतवारीवाला
तिला माहेरी पाठवलं ताई, मानेवाड्याला. ती चौदा तास झोपली. मी बसलो आहे इथे.

ठेचाभाकर
तब्येत कशी आहे बाबांची? आमच्या घरी सगळे विचारून राहिले.

इतवारीवाला
आज चौथा दिवस. सोडियम १३१. रात्री अजून थोडे गोंधळतात, पण काल सलग पाच तास झोपले. डॉक्टर म्हणाले, आकडा सुधारला तरी डोकं मागून येतं, कधी कधी काही आठवडे. खाली खरंच विसरण्याचा आजार दबलेला आहे का, ते ताबडतोब नाही, दोन-तीन महिन्यांनी तपासू.

सकाळी पेपर मागितला. चष्मा लावून संत्र्याचे भाव बघितले. मग म्हणाले, दुकानावर कोण बसलं आहे? मी काही बोललो नाही, कडुनिंब ताईंनी वाद घालू नका म्हटलं होतं तसं. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, अरे, ते तर आपण विकलं नं.

सिस्टर, तुमचे उपकार कसे फेडू.

निवृत्त_सिस्टर
फेडू नका. डिस्चार्जच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या की या गोळीने सोडियम उतरला होता. पुढच्या वेळी दुसरे डॉक्टर असतील, त्यांना कसं कळणार. आणि आठवड्याभरात सोडियम पुन्हा तपासा.

खामल्याची_ताई
सिस्टर, आत्ता आईची पट्टी बघितली. तिच्याही गोळीवर एच आहे. चार वर्षांपासून घेते, काही त्रास नाही. आजपासून बंद करू का?

निवृत्त_सिस्टर
नाही, मनाने बंद करू नका. एकदम सोडली तर बीपी चढेल. लाखो लोकांना ही गोळी चांगली चालते. पुढच्या वेळी दाखवायला जाल तेव्हा सोडियम-पोटॅशियम करून घ्या, आणि मीठ पूर्ण बंद केलं आहे हे डॉक्टरांना सांगा. त्यांना बहुतेक ते माहीत नसेल.