सांगलीत भाड्यासाठी फ्लॅट: गावभाग की विश्रामबाग?

प्रश्न: गावभागात जुना टू बीएचके मिळतोय, तेवढ्याच पैशात विश्रामबागला वन बीएचके. भाड्यानंच द्यायचाय. कुठला घेऊ?

उत्तर १: दादा, आधी २०१९ च्या महापुरात गावभागात पाणी कुठवर आलं होतं ते विचारा. विकणाऱ्याला नको, शेजारच्या किराणावाल्याला. २०२१ लाही महापूर होताच. विश्रामबागला वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं भाडेकरू मिळतात. फक्त उन्हाळी सुट्टीतलं भाडं हिशोबात धरू नका.

उत्तर २: करार नोंदवाच. अकरा महिन्यांचा असला तरी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं नोंदणी सक्तीची आहे, आणि जबाबदारी मालकाची. नोटरीवर भागवणारे लई बघितलेत.

प्रश्नकर्ता: विकणारा म्हणतो, पाणी पायरीपर्यंतच आलं होतं.

उत्तर १: कुठल्या मजल्याच्या?