मदत हवी आहे: सोयाबीनमध्ये अळ्या पांढऱ्या पडून मरतायत, शेजारी रेशीमचं शेड आहे

नमस्कार मंडळी, जालन्याकडचा आहे. अडीच एकर सोयाबीन अन् बांधाला लागूनच एक एकर तुती. आठ दिवस झाले नुसती झड लागलीय, ऊन नाहीच, अन् काल सोयाबीनमध्ये शिरलो तर शेंड्याच्या पानांवर अळ्या चिकटून मेलेल्या, खडूच्या तुकड्यासारख्या पांढऱ्या. एक उचलली तर कट्कन मोडली, आत पाणी नाही, वास नाही. काहींवर फिकट हिरवी भुकटी आलीय, बोटाला लागते. औषध मी मारलेलंच नाही, म्हणून आधी खूशच झालो.

दुकानदार म्हणाला ही नोमुरिया बुरशी, फुकटचं औषध समजा. ते ठीक, पण शेडमध्ये १५० अंडीपुंजांची बॅच आहे, परवाच तिसऱ्या मोल्टमधून (कात टाकून) उठली अन् गेल्या पावसाळ्यात माझी एक बॅच अशीच चुन्यासारखी कडक होऊन गेली, एक कोष निघाला नाही. ही तीच बुरशी का? सोयाबीनवर बुरशीनाशक मारू का?

प्रतिसाद:
दादा, फवारू नका. बुरशीनाशकाने ही बुरशी मरेल, अळ्या जगतील, वरून उडालेलं औषध तुतीवर बसेल. नोमुरियाला आता मेटारायझियम रिलेई म्हणतात आणि रेशीम अळीलाही ती लागते, त्या रोगालाच हिरवा मस्कर्डाइन म्हणतात. तुमची मागची बॅच पांढरीच राहिली असेल तर ती बहुतेक बव्हेरिया बॅसियाना, वेगळी बुरशी. इटलीतल्या बॅसीने १८३५ मध्ये रेशीम अळीवरच दाखवून दिलं की रोग या बुरशीने होतो, बॅसियाना हे नावही त्याच्यावरूनच पडलं.

अळीने ती खावी लागत नाही, भुकटी अंगावर पडली की कातडीतून आत घुसते. म्हणून सोयाबीनच्या कडेच्या तुतीच्या ओळींचा पाला तोडू नका, त्या रानातून आलेल्या कपड्यांनी शेडमध्ये जाऊ नका. हवा खेळती ठेवा, ओला पाला टाकू नका, मोल्टला बसल्या की चुना भुरभुरा. अन् मेलेली अळी दिसली की लगेच वेचून जाळा, भुकटी सुटायच्या आत, फैलाव तिथूनच होतो.

मूळ प्रश्नकर्ता:
आभारी आहे. घरच्यांनी आज सकाळचा पाला नेमका त्याच कडेचा आणलाय, अर्धा टाकूनही झालाय. आता काय करू?