एलएलबी + एमए लोकप्रशासन एकत्र चालतं का? हमीपत्राचा प्रश्न आहे, तातडीची मदत हवी

माळरान
लॉ कॉलेजने एक हमीपत्र भरायला दिलंय. त्यात एक ओळ आहे की दुसऱ्या कोणत्याही नियमित अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेला नाही. मी एमए लोकप्रशासनालाही प्रवेश घेतलाय. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) दोन पदव्या एकाच वेळी करायची परवानगी दिली आहे ना? मग ही ओळ कशासाठी? ऑफिसमध्ये विचारलं तर 'सही करा, नाहीतर फॉर्म परत न्या' एवढंच उत्तर. सोमवारी शेवटची तारीख आहे. सही करू की नको?

कलम_बारा
आधी हे सांगा: एलएलबी तीन वर्षांचं की पाच? एमए नियमित की दूरस्थ? दोन्ही एकाच विद्यापीठात आहे का? त्याशिवाय हो किंवा नाही सांगता येणार नाही.

उगवती
यूजीसीच्या एप्रिल २०२२ च्या मार्गदर्शक सूचना वाचा. दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून करता येतात, तासांच्या वेळा एकमेकींवर येत नसल्या म्हणजे झालं. एक प्रत्यक्ष आणि एक ऑनलाइन किंवा दूरस्थ, हेही चालतं. कॉलेजवाले जुन्या काळात अडकलेत. सूचनांची छापील प्रत घेऊन थेट प्राचार्यांना भेटा.

कलम_बारा
उगवती, त्याच सूचनांचा पुढचा भाग सोडू नका. पदव्या यूजीसीच्या आणि संबंधित वैधानिक परिषदेच्या नियमांना धरूनच हव्यात असं तिथेच म्हटलंय. कायद्याच्या शिक्षणाची परिषद म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडिया, आणि तिच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांतला सहावा नियम सरळ आहे: कायद्याच्या पदवीला नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्याला त्याच वेळी दुसऱ्या पदवी, पदव्युत्तर किंवा प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला नोंदणी करता येत नाही. अपवाद मोजके आहेत. एकाच संस्थेचा एकात्मिक पदवी अभ्यासक्रम, भाषा किंवा संगणकाचे अल्प मुदतीचे अर्धवेळ प्रमाणपत्र अभ्यासक्रम, आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचे अभ्यासक्रम. बीए आणि बीकॉम एकत्र करणाऱ्याला यूजीसीची सवलत पुरते, एलएलबीवाल्याला पुरत नाही.

माळरान
तीन वर्षांचं एलएलबी, पहिलं वर्ष. एमए नियमित आहे, दुसऱ्या विद्यापीठात. तास दुपारी असतात आणि लॉ कॉलेज सकाळचं आहे. म्हणजे वेळा भिडत नाहीत. मला हो की नाही तेवढं सांगा.

कलम_बारा
मग नाही. वेळा भिडतात की नाही हा मुद्दाच उरत नाही. सही केलीत तर खोटं लेखी देता. बार कौन्सिलचं २४ सप्टेंबर २०२४ चं परिपत्रक नेमकं याच गोष्टीवर आहे: गुन्हेगारी पार्श्वभूमी, एकाच वेळी चालू असलेल्या पदव्या, नोकरी आणि हजेरी या सगळ्यांची माहिती विद्यार्थ्याने स्वतः द्यायची. लपवल्याचं नंतर उघड झालं तर अंतिम गुणपत्रिका आणि पदवी अडकू शकते.

उगवती
कोण तपासतंय इतकं?

नोंदवही
तपासलं जातं, आणि आता सोपंही झालंय. दोन्ही प्रवेश एकाच एबीसी क्रमांकाला (विद्यार्थ्याच्या राष्ट्रीय श्रेयांक खात्याच्या क्रमांकाला) जोडले जातात. शिवाय मूळ टीसीचा प्रश्न आहेच. माळरान, पदवीची मूळ टीसी कुठे जमा केलीत? एका ठिकाणी मूळ आणि दुसरीकडे 'नंतर देतो' असं लिहून दिलं असेल, तर पात्रता तपासणीच्या वेळी विद्यापीठ मूळ कागद मागतंच. स्थलांतर प्रमाणपत्राचंही तेच.

माळरान
मूळ टीसी एमएला दिली. लॉ कॉलेजला झेरॉक्स दिली आणि महिनाभरात मूळ देईन असं लिहून दिलंय. हे महत्त्वाचं असेल असं वाटलं नव्हतं.

नोंदवही
सगळं त्यावरच अडलंय. नियमित एमएचा प्रवेश रद्द करण्याचा अर्ज आजच द्या. अर्जात तीन गोष्टी वेगवेगळ्या मागा: मूळ टीसी व इतर मूळ कागद, शुल्काचा परतावा, आणि प्रवेश रद्द झाल्याचं तारखेसह पत्र. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढे कुणी विचारलं तर प्रवेश कोणत्या दिवसापासून रद्द आहे हे दाखवायला तोच कागद लागतो. परताव्यासाठी यूजीसीची २०१८ ची टप्प्यांची पद्धत आहे: प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी रद्द केलं तर पूर्ण (थोडी प्रक्रिया-वजावट), त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८०, ३० दिवसांत ५०, आणि मग शून्य. चालू वर्षासाठी वेगळं परिपत्रक निघालेलं असू शकतं, तेही पाहा.

दिवेलागण
मुळात दोन्ही एकत्र कशाला? मराठीत लोकप्रशासन घेऊन एमपीएससीला बसायचं असेल तर एमएची गरजच नाही. राज्यसेवा मुख्य परीक्षेच्या वर्णनात्मक पद्धतीत कायदा आणि लोकप्रशासन दोन्ही वैकल्पिक विषयांत आहेत. एकच विषय निवडायचा, त्याचे दोन पेपर. एलएलबी करत असाल तर कायदाच घ्या. घटना, दंडविधान, करार, अपकृत्य हे वर्गातच होतं.

पानगळ
असहमत. एलएलबीतला प्रशासकीय कायदा म्हणजे प्रत्यायोजित विधिनियम (कायद्याने दिलेल्या अधिकारात सरकारने केलेले नियम), नैसर्गिक न्यायतत्त्वं (बाजू ऐकल्याशिवाय निर्णय नको), रिट (सरकारी निर्णयाविरुद्ध न्यायालयाचा आदेश). फाइल खरी कशी फिरते, अर्थसंकल्प, कर्मचारीव्यवस्था, पंचायत राज हे त्यात येत नाही. प्रांत म्हणून १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाखाली अपील ऐकताना दोन्ही बाजू लागतात. नोटीस न देता फेरफार रद्द केला तर आदेश नैसर्गिक न्यायावर पडतो. नोटीस दिली पण रोजनामा (सुनावणीची तारीखवार नोंद) नीट ठेवला नाही तर ती दिल्याचं सिद्ध करता येत नाही, म्हणजे कारण प्रशासनाचं आणि तरी आदेश पडतोच. विभागीय चौकशीतही हेच: १९७९ च्या शिस्त व अपील नियमांतली पद्धत पाठ असून भागत नाही, दोषारोप नेमके लिहिता यावे लागतात.

दिवेलागण
ते प्रशिक्षणात शिकवतात. त्यासाठी दोन वर्षं कशाला घालवायची?

सनद
न्यायाधीश परीक्षा डोक्यात असेल तर लक्षात ठेवा, सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालानंतर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा लागते. ती तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजतात, म्हणून पदवी हातात आली की सनदेला उशीर करू नका.

माळरान
न्यायाधीश व्हायचं नाही. नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) देऊन लोकप्रशासन शिकवायचंय, सोबत वकिलीची सनद हवी. म्हणून दोन्ही.

कलम_बारा
हे आधी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. नेटला लोकप्रशासन हा स्वतंत्र विषय आहे आणि पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के लागतात (राखीव प्रवर्गांना ५०). शिकवण्यासाठी नुसत्या एलएलबीवर कायद्याचं नेटही देता येत नाही, त्याला एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) लागतं. म्हणजे तुम्हाला एमए हवंच, पण नियमितच हवं असं नाही. यूजीसीची मान्यता असलेली दूरस्थ पदवी नेटला चालते. इग्नूचं (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं) एमए लोकप्रशासन पाहा: किमान दोन वर्षं, कमाल चार. स्वाध्यायांना (घरून लिहून द्यायच्या असाइनमेंटना) ३० टक्के भार आणि सत्रान्त परीक्षेला ७०. स्वाध्याय आधी जमा करा. उत्तीर्ण व्हायला ४० टक्के पुरतात, पण तुमचं लक्ष्य ५५ आहे, म्हणून स्वाध्याय हाताने नीट लिहा, तिथेच गुण वाढवता येतात.

नोंदवही
माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. मराठी हवं असेल तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची यंदाची यादी पाहा. दूरस्थ प्रवेशाला डीईबी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा) क्रमांक लागतो आणि तो एबीसी क्रमांकावरूनच निघतो. दोन्हीकडचं नाव आधारशी अक्षर न अक्षर जुळवून घ्या, वडिलांच्या नावातल्या एका अक्षराने अर्ज अडकतो.

पानगळ
एक शंका. सहाव्या नियमात शब्द 'विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र' असे आहेत. मुक्त विद्यापीठ त्यात येतं का?

कलम_बारा
प्रश्न रास्त आहे. माझं वाचन 'येतं' असंच आहे, कारण सवलतीचा रोख दूरस्थ पद्धतीवर आहे. पण पदवी अडकण्यापेक्षा लेखी घेतलेलं बरं. हमीपत्रासोबत प्राचार्यांच्या नावे एक पानाचा अर्ज जोडा: 'नियमित एमएचा प्रवेश अमुक तारखेला रद्द केला आहे, दूरस्थ पद्धतीने एमए करू इच्छितो, सहाव्या नियमानुसार हरकत नसल्याचे कळवावे.' पोच घ्या. उत्तर येईपर्यंत दूरस्थ प्रवेशाचे पैसे भरू नका. इग्नूचे प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत होतात, त्यामुळे एक सत्र गेलं तरी वर्ष जात नाही.

उगवती
हजेरीचं काय? दूरस्थ केलं तरी परीक्षा भिडणारच.

कलम_बारा
दूरस्थ अभ्यासक्रमाचे वर्ग लॉच्या हजेरीत धरले जात नाहीत. नियमांत लॉची प्रत्येक विषयातली किमान हजेरी ७० टक्के आहे आणि त्यात अभिरूप न्यायालय (मूट कोर्ट), ट्यूटोरियलही धरतात. परीक्षा मात्र खरंच भिडतात. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरच्या, लॉच्या सत्र परीक्षाही त्याच सुमारास. म्हणून एका खेपेला दोन-तीनच पेपर भरा, बाकीचे पुढे ढकला. चार वर्षांची मुदत आहे.

माळरान
आज रद्दचा अर्ज देऊन आलो, शिक्का मिळाला. मूळ टीसी गुरुवारी देतो म्हणाले. पण लॉचं हमीपत्र सोमवारी द्यायचंय. टीसी हातात नसताना सही केली तर?

नोंदवही
ओळ प्रवेशाबद्दल आहे, टीसीबद्दल नाही. पण शिक्का फक्त अर्ज पोचल्याचा आहे, प्रवेश रद्द झाल्याचा नाही. सोमवारी सकाळी रद्दचं पत्र आधी मागा. मिळालं तर सही करा, शिक्क्याची प्रत जोडा आणि 'मूळ टीसी गुरुवारपर्यंत सादर करतो' असं त्याच अर्जात लिहा. नाही मिळालं तर त्या ओळीवर सही नको, 'रद्दचा अर्ज प्रलंबित' असं लिहूनच हमीपत्र द्या.

हळदीकुंकू_नव्हे_कायदा
पाच वर्षांच्या बीए एलएलबीत लोकप्रशासन मुख्य विषय आहे, ते नेटला चालेल का?

कलम_बारा
नाही. ती पदवी आहे, शिकवण्यासाठीच्या नेटला पदव्युत्तर लागते. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.